वाढवून सांगितलेली वर्षं

आप्पा, काल डॉक्टरबाईंनी मला विचारलं, तुमचे वडील गेले तेव्हा किती वर्षांचे होते, आणि मी मूग गिळून बसले. माझ्या शेजारी तुमचा नातू बसला होता. त्यानेच उत्तर देऊन टाकलं, "नानाजी तो बहुत बूढ़े थे." त्याचा तरी काय दोष? त्याने तुम्हाला पाहिलेलंच नाही. त्याने पाहिलाय तो भिंतीवरचा तुमचा फोटो. पांढरेफटक केस, आत गेलेले गाल, पुढे झुकलेले खांदे. लहानपणी तो त्या फोटोला 'बुढ्ढेबाबा' म्हणायचा आणि आम्ही सगळे हसायचो. डॉक्टरबाईंनी मान हलवली आणि त्या पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. मी तोंडाला पदर लावून खोकले. खोकला आलाच नव्हता. घरी आल्यापासून तुमचा असा काही राग आलाय मला की भाजीत मीठ दोनदा पडलं आणि तुमच्या जावयांनी ते न बोलता खाल्लं. मेलेल्या माणसावर एवढं चिडतं का कुणी? मी चिडते. काय करायचं ते करा.

मुळात मी दवाखान्यात गेलेच कशी ते सांगते. वर्षभर मला जिना चढताना धाप लागत होती. आमचं घर अजून सुरतेत, बमरोलीतच आहे, तुमच्या जुन्या खोलीपासून दोन गल्ल्या सोडून, तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्यावर मी थांबायची आणि शेजारणीच्या दाराशी उभी राहून उगाच तिच्या तुळशीची चौकशी करायची. हिला दम लागतो असं तिने म्हणू नये म्हणून. एवढी चौकशी तुळशीने कधी ऐकली नसेल. कुणी विचारलंच तर माझ्याकडे उत्तर तयार असायचं, वय झालं. तुमचंच उत्तर, जसंच्या तसं, माहेरून आणल्यासारखं. शेवटी पोराने माझं काही ऐकलं नाही, रिक्षात घातलं आणि मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई माझ्या पाठीला नळी लावून कितीतरी वेळ ऐकत होत्या. म्हणाल्या, श्वास घेताना बुटाची चिकटपट्टी उचकटल्यासारखा आवाज येतोय. मग छातीचा स्कॅन झाला, हृदयाची सोनोग्राफी झाली. फुप्फुसांच्या तळाशी आतून व्रण धरलेत. हृदयही थोडं ताठलंय. धडधडतं नीट, पण सैल पडायला वेळ घेतं.

हे कशाने होतं, मी विचारलं. डॉक्टरबाई तशा लहान वयाच्या, माझ्या पोरीसारख्या, पण त्यांनी घाई केली नाही. म्हणाल्या, आपल्या आत रोज बारीकसारीक जखमा होतच असतात, धुळीने, धुराने, कुठल्या आजाराने. शरीर त्या सांधतं. तरुणपणी सांधणाऱ्या पेशी काम झालं की आवरून निघून जातात आणि व्रण विरून जातो. वय वाढलं की त्यातल्या काही पेशी म्हाताऱ्या होऊन तिथेच ठाण मांडतात. मरतही नाहीत, जातही नाहीत, आणि अजून सांधा, अजून सांधा असा निरोप धाडत राहतात. मग व्रणावर व्रण चढतो, मऊ फुप्फुस कडक होतं, हृदयाच्या मांसातही तसलेच धागे भरत जातात. मी म्हटलं, म्हणजे जेवण झालं तरी पाहुणे उठायचं नाव घेत नाहीत, तसं. त्या हसल्या, म्हणाल्या, तसंच. मी इतकी वर्षं घरी साड्यांवर खडे चिकटवते, त्या गोंदाच्या वासानेही हातभार लावला असेल म्हणाल्या. आणि मग हसणं थांबवून त्यांनी ते सांगितलं. काही घरांत पेशी कॅलेंडरच्या आधीच म्हाताऱ्या होतात. केस लवकर पिकतात आणि पन्नाशीच्या आतच फुप्फुस कडक होतं. तसं घराण्यात असेल तर मुलांनाही तपासावं लागतं. गोळ्या आहेत, पण त्या व्रण पुसत नाहीत, फक्त त्याची चाल मंद करतात, म्हणून जितकं लवकर कळेल तितकं बरं. एवढं सांगून मग त्यांनी विचारलं, वडील कितव्या वर्षी गेले?

कळलं का आप्पा, मला का बोलता आलं नाही ते?

तुम्ही सुरतेला आलात तेव्हा सोळा वर्षांचे होता. ही गोष्ट तुम्ही स्वतःच रंगवून सांगायचात, मायला भाकरी थापता थापता हसू आवरायचं नाही. गावाकडून ताप्ती लाइनच्या रेल्वेने येऊन उतरलात, कुणाच्या तरी ओळखीने पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलच्या दारात उभे राहिलात. मोठ्या माणसालाच मशीनवर घेणार होते, पोरांना झाडलोट. मुकादमाने तुमच्या कानशिलावरचे पांढरे केस बघितले आणि विचारलं, पंचवीसचा असशील ना? आणि तुम्ही म्हणालात, चोवीस. "मी एक कमीच सांगितलं, खोटं कशाला बोला," असं म्हणून तुम्ही मांडीवर थाप मारायचात आणि आम्ही पोरं खो खो हसायचो. हसण्यासारखंच होतं ते. सोळाव्या वर्षी कुणाचे केस पिकतात का, हा प्रश्न आमच्या घरात कुणालाच कधी पडला नाही. खानदानी आहे, झालं. नाक लांब असतं कुणाचं, तसे आपले केस.

पण ती आठ वर्षं मिलच्या दारात ठेवून घरी यायचं होतं ना. तुम्ही ती अंगात घालून फिरलात. कार्ड झालं, त्यावर तेच वय. केस विशीतच कापसासारखे झाले, मग काय, हाताच्या काकणाला आरसा कशाला? तुमच्यापेक्षा मोठी, नातवंडं असलेली माणसं तुम्हाला काका म्हणायला लागली. पाडव्याला ती तुमच्या पाया पडायची आणि तुम्ही खुशाल आशीर्वाद द्यायचात. लग्नाच्या बैठकीत तुम्हाला मध्ये बसवायचे. भांडण झालं की तुमच्या ओट्यावर यायचं. मिलमध्येही तुम्हाला मशीनवरून उचलून रंग तोलायच्या खोलीत नेलं, तिला सगळे कलर किचन म्हणायचे, कारण वयस्क माणूस जबाबदार असतो. त्या किचनमध्ये तुम्ही डब्यातली रंगाची भुकटी मापाने काढत होता, आणि ती उडत होती, आणि तुम्ही ती गिळत होता. तुमच्या उशीची खोळ धुताना माय सांगायची की आज मिलमध्ये जांभळ्या साड्या आहेत की पोपटी. आम्हाला त्याचीही गंमतच वाटायची. कशाकशाची गंमत वाटून घेतली आम्ही.

चाळिशीच्या आधीच तुम्हाला धाप लागायला लागली. माझं लग्न झालेलं, मी गल्लीपलीकडे राहायची, रोज संध्याकाळी चक्कर असायची. तुमची नखं वाटोळी होऊन पोपटाच्या चोचीसारखी खाली वळली होती, बोटांची टोकं फुगली होती. मी तुमची नखं कापायची आणि तुम्ही म्हणायचात, मिलच्या पाण्याने झालंय. कोपऱ्यावरचा डॉक्टर कार्ड बघायचा, केस बघायचा आणि म्हणायचा, काका, उंमर थई गई. ताकदीच्या गोळ्या द्यायचा. त्याला मी फार दोष देत नाही, त्याच्यासमोर म्हातारा बसला होता. पण तुम्हाला तर ठाऊक होतं! तुम्ही तरी सांगायचंत ना, की बाबा रे, मी तेवढा नाही, जरा पुन्हा बघ. तुम्ही मान डोलवायचात. एके दिवशी स्वयंपाकघरात तुम्ही पाटावर जेवत होता. एक घास, मग श्वास, मग पुन्हा घास. मला बघवलं नाही. मी ओरडले की हे वय नाही, हे दुखणं आहे, तुम्ही त्रेचाळीसचे आहात, तुमच्या वयाची माणसं अजून पोरं जन्माला घालतात. तुम्ही ताट सरकवलंत. माझ्याकडे असं बघितलंत की मी चारचौघांत तुमचं धोतर ओढलंय.

"हळू बोल," म्हणालात. "बाहेर मानसं बठेल शेतस."

बाहेर माणसं बसलेली होती, खरंय. काकांचा निवाडा ऐकायला आलेली. छाती आतून सुकत चालली होती आणि तुम्हाला काळजी कसली, तर ओट्यावरच्या माणसांना आपलं खरं वय कळेल याची. मी गप्प झाले. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण तो राग मी तेव्हा गिळला, तो आता बाहेर येतोय, इतक्या वर्षांनी, आणि आंबून आलाय.

त्याच्या आदल्या वर्षीचं, प्लेगच्या वेळचं, तुम्हाला आठवतं का? सगळं शहर पळत होतं, आपणही गावाकडे पळालो. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, लोकांनी तोंडाला फडकी बांधलेली. आणि तुम्हाला तो कोरडा खोकला. एकदा सुरू झाला की थांबेना. आख्खा डबा तुमच्याकडे बघतोय. तुमच्या बाजूचा माणूस उठला, मग समोरची बाई पोराला घेऊन उठली, आणि त्या गर्दीत आपल्याभोवती बसायला मोकळी जागा झाली. एक तरुण तर पुढच्या ठेसनावर याला उतरवा म्हणायला लागला. तुम्ही दोन्ही हात जोडलेत आणि त्याला म्हणालात, "प्लेग नही भाऊ. मनं वय व्हई गयं." तो वरमला. कुणीतरी म्हणालं, जाऊ द्या, म्हातारा आहे. माय माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती आणि मी खिडकीच्या गजाला धरून बसले होते. त्या दिवशी त्या वाक्याने तुम्हाला वाचवलं, हे मी मान्य करते. तिथून पुढे मात्र तुम्ही त्याच्यावर इतके विसंबलात की दुसऱ्या कुठल्या औषधाची तुम्हाला गरजच वाटली नाही.

आणि तरी तुम्हाला काही कळत नव्हतं असंही मी म्हणू शकत नाही. बाविसाव्या वर्षी माझ्या भांगात पहिला पांढरा केस निघाला. मी हसत तुम्हाला दाखवला, म्हटलं, बघा, तुमची लेक. तुम्ही हसला नाहीत. दुसऱ्या दिवशी पाळी संपवून, मिलच्या कपड्यांवरच, थेट ठेसनाजवळच्या बाजारात गेलात आणि आवळ्याच्या तेलाची मोठी बाटली घेऊन आलात. जिन्यावर तीनदा बसलात ती बाटली माझ्या घरी वर आणताना. माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, तू नको म्हातारी होऊ. एवढंच. पाणी प्यालात आणि गेलात. तेव्हा मला वाटलं, बापाची माया. काल डॉक्टरबाई केसांचं बोलल्या तेव्हा मला ती बाटली आठवली. तुम्हाला भीती वाटत होती, आप्पा. तुम्हाला आतून काहीतरी उमगलं होतं आणि तुम्ही ते तेल लावून मिटवायला बघत होता. मग निदान मला तरी सांगायचंत. तेल दिलंत, पण गोष्ट दिली नाहीत.

तुम्ही गेलात तेव्हा चव्वेचाळीसचे होता. कार्डावर बावन्न, आणि दिसायला सत्तर. तापीकाठी घाटावर तुम्हाला नेलं तेव्हा लोक म्हणत होते, चांगलं पिकलं पान होतं, सोनं झालं. तुमचा आतेभाऊ गावाकडून आला होता. तुम्ही दोघे एकाच आठवड्यात जन्मलेले, एका पाळण्यात झोपवलेले. डोक्यावर काळेभोर केस, दंड कसलेले, तिरडीचा पुढचा बांबू त्याच्या खांद्यावर होता. त्याने तिरडी टेकवली आणि मोठ्याने म्हणाला, "हाऊ मना बरोबरना शे." हा माझ्या बरोबरीचा आहे. दोनदा म्हणाला. लोकांना वाटलं, दुःखाने बरळतोय बिचारा. कुणीतरी त्याला बाजूला नेऊन पाणी पाजलं. तो माणूस अजून आहे, आप्पा. सत्तरी ओलांडलीय आणि सायकलवर शेतात जातो. काल घरी आल्यावर मी त्याला फोन केला, म्हटलं, काका, आप्पांचं खरं वय पुन्हा एकदा सांगा. त्याने सांगितलं. मग म्हणाला की मी तेव्हाच सांगत होतो, तुम्ही मला पाणी पाजलंत.

आता मी कुणावर चिडू, सांगा. मी तीस वर्षं मनाशी एक गोष्ट धरून होते की माझ्या बापाला वय नव्हतं झालं, वय ही थाप होती, मिलच्या भुकटीने आणि थापेने मिळून त्याला मारलं. आणि डॉक्टरबाई म्हणतात की थाप पूर्ण थाप नसावी. भुकटीने जखमा केल्या असतील, पण तुमची छाती कदाचित खरंच म्हातारी होती. म्हणजे मुकादमाने केस बघून जे ओळखलं ते अगदीच चूक नव्हतं. कार्डावरचं वय खोटं आणि फुप्फुसाचं वय त्याहूनही जास्त. तुम्ही रोज खरंच बोलत होता आणि त्या खऱ्याच्या मागे लपत होता. याचा मला इतका संताप येतो की भिंतीवरचा फोटो उलटा करून ठेवावासा वाटतो. काल केलाही. मग पुन्हा सरळ केला. त्या फोटोतले तुम्ही आता माझ्यापेक्षा लहान आहात. लहान माणसावर किती ओरडणार?

पण माझा पोरगा सव्वीस वर्षांचा आहे. त्याचे केस तेविसाव्या वर्षी पिकायला लागले. तो साड्यांच्या डिझाइनचं काम करतो, कॉम्प्युटरवर, थंड खोलीत, भुकटी नाही की वाफ नाही, म्हणून मी निर्धास्त होते. मित्रांशी गुजराती बोलतो, माझ्याशी मराठी आणि गुजराती मिसळून, आणि केसांवर कुणी काही बोललं की खानदानी स्टाइल छे म्हणून उडवून लावतो. त्याला स्थळ आलंय. आपल्याकडचीच माणसं, शिरपूरकडची, आता इथे जवळच कामरेजला राहतात. मुलगी नर्सिंग शिकलीय, बोलायला गोड. रविवारी बघायला येणार आहेत. काल दवाखान्यातून परतल्यावर मी तुमच्या जावयांना आत बोलावून सगळं सांगितलं, आप्पांचं वय, डॉक्टरांचं म्हणणं, सगळं. त्यांनी उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. आधी लग्न होऊ दे." वाईट माणूस नाही तो, तुम्हाला माहीत आहे. बाप आहे. घराण्यात छातीचं दुखणं आहे असं एकदा समाजात झालं की कामरेजच काय, धुळ्यापर्यंत कुणी मुलगी देणार नाही.

आज सुटी होती त्याला. दुपारी जेवण झाल्यावर तो पाट घेऊन मोरीत बसला आणि म्हणाला, मम्मी, डाय लावून दे ना, मागून माझा हात पोचत नाही. दर महिन्याला मीच लावून देते. मी वाटीत काळा रंग कालवला, ब्रश घेतला आणि लावायला लागले. कानामागे, मानेवर, भांगाजवळ, सगळं पांढरं बूड झाकत. तो मोबाइल बघत होता. मी त्याच्या बोटांकडे बघत होते. नखं सपाट आहेत, आप्पा. मी नीट बघितली, वाकून बघितली. तो म्हणाला, काय बघतेस? मी म्हटलं, नखं वाढलीयत, काप. त्याने मान वर करून आरशात बघितलं आणि विचारलं, रविवारपर्यंत टिकेल ना? मी म्हटलं, टिकेल. त्याला तिथेच सांगायला हवं होतं. मोरीत दुसरं कुणी नव्हतं, बाहेर माणसंही बसलेली नव्हती. मी रंग लावत राहिले.

तो आता केस वाळवून बाहेर गेलाय आणि मी हे लिहितेय. बोटांना काळं लागलंय, ते साबणाने गेलेलं नाही, कागदावरही ठसे उमटलेत. मला एवढं कळलंय की त्याच्यापुढे गप्प बसायचं असेल तर मला तुमच्यावर चिडायचा हक्क उरत नाही, आणि तो हक्क मला सोडायचा नाही. म्हणून तो घरी आला की, चहा द्यायच्या आधी, त्याला समोर बसवून सांगणार आहे. तुझे नानाजी म्हातारे नव्हते. ते चव्वेचाळीसचे होते. उद्या आपण पुन्हा डॉक्टरबाईंकडे जाऊ, मी त्यांना खरं वय सांगेन आणि तू छाती दाखवशील. रविवारच्या लोकांना बोलवायचं की नाही ते मग ठरवू, आणि बोलावलं तर पांढऱ्या केसांनी बसशील. नर्सिंग शिकलेली मुलगी आहे, तिला आपल्याआधी कळेल.

असं सांगणार आहे. हा कागद कुठे धाडायचा नाही, तुमच्या फोटोमागेही खोचायचा नाही, उद्या चुलीत जाईल. तो मी का लिहिला ते मात्र सांगून टाकते. पोरासमोर तोंड उघडायच्या आधी तुम्हाला सांगून बघत होते, जमतंय का ते. चव्वेचाळीस हा आकडा मी हाताने लिहिला, दोनतीनदा लिहिला. तोंडाने म्हणून बघितला तर आवाज फुटला नाही, आणि जिन्यावर त्याची पावलं वाजतायत.